लोटे ते तुळस

"इथे तुम्ही मुलांना नक्की काय शिकवता?" असं दर जूनमध्ये कोणी ना कोणी मला विचारतं. विचारणारे आईवडील अंगणात उभे असतात आणि तोवर त्यांचं मूल चिखलात बसलेलं असतं. "काही नाही," असं मी सांगते. मग ते एकमेकांकडे बघतात. काही जण तिथूनच मागे फिरतात. जे राहतात त्यांच्याशी माझं जमतं.

रत्नागिरीत, बाजारापासून जरा वर, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी माळाच्या, उतारावर आमचं घर आहे. घर लहान, अंगण मोठं. मागे नारळ-पोफळी, कडेला रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड, मध्ये तुळस, आणि एक विहीर, जिला आता लोखंडी जाळी आहे. माझा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि घरात आम्ही दोघंच उरलो. शेजारची एक नोकरी करणारी बाई "काकू, दोन तास बघाल का हो?" म्हणून आपलं मूल ठेवून गेली. त्या दोन तासांचं बघता बघता पाळणाघर झालं.

सुरुवातीला मीही रीतसर भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावला होता आणि प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे आणले होते. मुलांनी ठोकळे बाहेर नेऊन वाफ्यात पेरले. उगवतील म्हणून रोज पाणी घातलं. उगवले नाहीत तेव्हा त्यांचा ठोकळ्यांमधला रस संपला. तक्त्याला पावसाळ्यात बुरशी आली, तो काढला, आणि पुन्हा काही लावला नाही. आता करवंट्या, जांभ्याचे खडे, आंब्याच्या कोयी आणि पोफळीच्या विऱ्या एवढंच सामान आहे. पोफळीची झावळ गळते तेव्हा बुंध्याचा रुंद, चामड्यासारखा भागही तिच्याबरोबर येतो, ती विरी. एकाने विरीत बसायचं आणि दुसऱ्याने झावळ धरून ओढायचं. आमच्याकडची ही सगळ्यात जुनी गाडी.

मी मुलांना वेळेवर आमटीभात घालते, दुपारी निजवते, विंचूकाटा बघते. उरलेला वेळ पायरीवर बसून त्यांच्याकडे बघते. मला मुलांचा फार कळवळा आहे असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. मला उत्सुकता आहे. एक मूल सबंध सकाळ एकाच भोकात काडी घालून बसतं, तेव्हा त्या भोकात आहे तरी काय, हे मलाही त्याच्याइतकंच कळायला हवं असतं. फक्त मी "का?" असं विचारत नाही. मुलांना "का?" विचारलं की आपल्याला आवडेल असं काहीतरी ती रचून सांगतात, आणि खरं ते आतच राहतं. हा माझा एकमेव नियम, आणि तो मी बरीच वर्षं पाळला.

इतर गावची मुलं भातुकली खेळत असतील. आमच्याकडची हायवे खेळतात. त्यात नवल नाही. ती जन्मल्यापासून हायवेचं काम चालूच आहे. तीन वर्षांचं पोर स्वतःचं आडनाव सांगताना अडखळतं, पण 'डायव्हर्शन' कसं खणखणीत म्हणतं. यंदा गणपती गेल्यावर अंगणात एक नवीन रस्ता सुरू झाला. फाटकाजवळ हायवेवरचं कारखान्यांचं गाव लोटे, तुळशीपाशी रत्नागिरी. मध्ये नारळांना पाणी नेणारा पाट आहे, तिथे संगमेश्वर, आणि पाटावर टाकलेली फळी म्हणजे तिथला पूल. गावांची नावं कोणी ठरवली हे मला आधी कळलं नाही. मी बघितलं तेव्हा ती ठरलेली होती, आणि आमचा कॉन्ट्रॅक्टर सगळ्यांवर ओरडत होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणजे एका मासळी विकणाऱ्या बाईचा पाच वर्षांचा मुलगा. आवाज थेट आईचा.

आमचे हे एस्टीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना चालवायला काही नाही, म्हणून ते व्हरांड्यात बसून अंगणातल्या रस्त्याला नावं ठेवतात. "वळण फार घेतलंय. घाटात गाडी लागायची," असं ते एकदा गंभीरपणे म्हणाले. कॉन्ट्रॅक्टरने तेवढ्याच गंभीरपणे वळण काढून टाकलं.

गावांची नावं ठरवणारी होती एक चार वर्षांची मुलगी. बारीक अंगाची, केस कायम डोळ्यांवर. गणपतीनंतरच ती आमच्याकडे येऊ लागली. आई एका दवाखान्यात नर्स, वडील लोट्याच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टला. तिकडे ते आणखी कोणाकोणाबरोबर खोली घेऊन राहतात आणि सुट्टी मिळाली की घरी येतात. सुट्टीचा वार ठरलेला नाही, तो फिरता असतो. मुलगी बोलायची कमी, पण हात फार चालायचे. पाटातला गाळ काढून, तो करवंटीत कालवून तिने रस्त्याला असा गिलावा दिला होता, की सरकारने येऊन बघून जावा.

आणि हीच मुलगी मधूनच तो रस्ता खणायची.

दिवसेंदिवस रस्ता गुळगुळीत ठेवायचा. कोणाचा पाय पडला तर लगेच थोपटून सारखा करायचा. मग एखाद्या सकाळी यायचं, कोणाशी न बोलता पुलाच्या अलीकडे, तुळशीच्या बाजूला, बसायचं आणि करवंटीने खणायला लागायचं. कोपरभर खोल खड्डा, सबंध रस्त्याची रुंदी खाऊन. कॉन्ट्रॅक्टर थयथयाट करायचा. ती वर बघायची नाही. एकदोन दिवसांनी आपणच तो खड्डा बुजवून टाकायची आणि पुन्हा गिलावा.

मला चैनच पडेना. हे म्हणाले, "बघतात ना रस्त्याने जाताना, तेच करतात. बांधायचं आणि उखडायचं. ह्यात कोडं कसलं?" पण मग बाकीची मुलं का नाही उखडत? मला वाटलं, गाळ ओला असताना खणायला बरं वाटत असेल. पण ती कोरड्या मातीतही खणायची. मग वाटलं, कॉन्ट्रॅक्टरला खिजवायला. पण तो तापाने घरी होता त्या दिवशीही खड्डा पडला. आई रागावली असेल, रात्री झोप झाली नसेल, मधल्या खाण्याच्या डब्यात नावडती भाजी असेल. मी रोज सकाळी तिचा डबा उघडून बघायला लागले. हे हसले. "पोरीचं राहू दे, तुझं काय बिनसलंय ते बघ," म्हणाले.

बरं, अंदाज असा बांधायचा की खड्ड्याच्या दिवशी ती हिरमुसलेली असेल. तसंही नाही. उलट त्या दिवशी ती लवकर आलेली असायची, लगबगीत असायची. कामाला उशीर झालेल्या बाईसारखी.

कोड्याचा एक तुकडा तिच्या आईकडून हाती आला. ती न्यायला आली होती, अंगावर दवाखान्याचाच पोशाख, आणि पायरीवर जी बसली ती उठेचना. "काकू, एक विचारू? ही इथे कधी बाबांचं नाव काढते का हो?"

"नाही," मी म्हटलं.

"घरीही नाही. गणपतीत त्यांच्या खांद्यावरून उतरत नव्हती. आता ते आले की बघतसुद्धा नाही. त्यांना सुट्टी असते त्या दिवशी मी म्हणते, आज नको जाऊस काकूंकडे, रहा बाबांजवळ. तर चपला घालून दारात उभी राहते. रडून गोंधळ घालते. मग काय करणार, सोडते इथे. ते आता म्हणतात, चार-पाच तास गाडीत धक्के खात येऊन करू काय मी? पोरगी परक्यासारखी वागते. मागच्या सुट्टीला आलेच नाहीत. ओव्हरटाइम घेतला. मला भीती वाटते काकू, एकदा न यायची सवय लागली की माणूस येत नाही."

तिचं म्हणणं मला पटलं. आमच्या आळीतही अशी घरं आहेत. माणूस मुंबईत, आधी महिन्याने, मग शिमग्या-गणपतीला, मग नुसते पैसे. सवयच लागते.

त्या पंधरवड्यात एकही खड्डा पडला नाही. रस्ता लोट्यापासून तुळशीपर्यंत असा सलग आणि चकचकीत कधी नव्हता. ती तो रोज सारवायची. फाटकाजवळ एक विरी उभी करून ठेवलेली असायची, आणि तिच्यात कोणालाही बसू द्यायची नाही. "ही गाडी भरलेली आहे," असं सांगायची.

तोवर अंगण करायचे दिवस आले. पावसाळाभर आमच्याकडे अंगण मोकळं सोडतात. गवत वाढतं, शेवाळ धरतं, पाणी हवी तशी वाट काढतं. दिवाळीच्या आसपास पाऊस नक्की गेला असं वाटलं की गवत खरवडायचं, तांबडी माती टाकायची, पाणी शिंपडायचं आणि चोपण्याने, म्हणजे मूठ असलेल्या जाड लाकडी फळीने, चोपून चोपून ती बसवायची. वर शेणाचं सारवण. तुळशीच्या लग्नाआधी हे झालंच पाहिजे, नाहीतर शेजारी चौकशीला येतात, घरात कोणी आजारी आहे का म्हणून. अंगण केलं की मुलांची पावसाळ्यातली सगळी धरणं, घरं, रस्ते मातीखाली जातात. दरवर्षी जातात, मुलंच नाचून नाचून माती दाबतात, आणि दुसऱ्या दिवशी नव्या अंगणात नवं काहीतरी सुरू होतं. यंदा पहिल्यांदाच मला तो रस्ता मोडवेना. पण तुळशीचं लग्न काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं.

मदतीला या म्हणून मी सगळ्या पालकांना सांगितलं. सगळ्यांनी चांगली चांगली कारणं दिली. आला तो एकटा माणूस, लोट्याचा. बायकोने धाडला होता. सुट्टी होती, दुसरी पाळी करून तसाच रात्रीच्या गाडीत बसून पहाटे पोचला होता, डोळे लाल. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उंच, कमी बोलणारा, आणि हात चालणारा. पोरगी कोणावर गेली ते लगेच कळलं.

पोरगी त्याच्या आधी, आईबरोबर येऊन पोचली होती. आणि आल्याबरोबर खणायला लागली होती. पुलाच्या अलीकडे, नेहमीच्याच जागी. वडील फाटकातून आत आलेले दिसताच उठून रतांब्याच्या मागे गेली.

"बघितलंत?" तो म्हणाला. "माझ्याकडं बघत पण नाय, काकू."

"चोपणं घ्या हातात," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हे पाणी शिंपडत होते, तो चोपत होता. संगमेश्वरकडच्या गावातला तो, लहानपणापासून अंगणं केलेला. हात असा पडायचा की माती हलायची नाही, नुसती बसायची. मुलं मागून नाचत होती. लोटे गेलं, पुढचा रस्ता गेला. पाटावरची फळी उचलून त्याने बाजूला ठेवली आणि पुलाच्या अलीकडे आला. तिथे खड्डा. त्याने फावड्यावर माती घेतली.

रतांब्याच्या मागून ती धावत आली आणि खड्ड्यात बसली. पाय पोटाशी घेऊन, हनुवटी गुडघ्यांवर. बरोबर मावली. जणू मापानेच खणला होता.

"ऊठ बाय. माती टाकायचीय," तो म्हणाला.

ती उठली नाही. "बुजवू नको."

"का गो?"

मी इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते त्याने सहज विचारलं. बाप होता तो, त्याला माझे नियम माहीत नव्हते.

"बुजवलास तर तू जाशील."

त्याने फावडं खाली टेकवलं. "उद्या जायचंच हाय, बाय. ड्युटी हाय ना?"

"खड्डा आहे. गाडी जाणार नाही." हे ती त्याच्याकडे न बघता, मातीकडे बघत बोलली. मग आवाज आणखी बारीक करून, "मी झोपले की तू जातोस."

तो फावड्यासकट खालीच बसला. मुलं नाचायची थांबली. ह्यांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला आणि एका जागी चिखल झाला, तो मला नंतर निस्तरावा लागला.

त्याने मग जे सांगितलं ते फार नव्हतं. गणपतीची रजा संपली. पहाटेची गाडी. पोरगी त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून झोपलेली. घरातल्या सगळ्यांनी सांगितलं, झोपलीय तोवर निघ, उठली तर आकांत करील. त्याने हळूच मूठ सोडवली आणि निघाला. पुढच्या प्रत्येक सुट्टीला तसंच केलं. "रडू नये म्हणून हो, काकू," तो म्हणाला.

हे व्हरांड्याकडे बघत म्हणाले, "मीही तसाच जायचो. पहिली गाडी असली की." एवढंच बोलून त्यांनी पाइप बंद केला.

आमच्याकडे सगळे असेच जातात. मुंबईला जाणारे, बोटीवर जाणारे, ड्युटीवर जाणारे. मूल झोपलं की निघायचं. म्हणजे ते रडत नाही, आणि आपल्यालाही रडावं लागत नाही. ह्यात कोणाला काही चुकीचं वाटत नाही. सकाळी उठल्यावर मूल रिकामी गादी बघतं तेव्हा निघालेला माणूस तिथे नसतोच.

मी मनात मागचे सगळे खड्डे आठवून पाहिले. वडील आलेले असत त्याच दिवशी ती खणायची. सुट्टीचा वार फिरता, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. ते घरी झोपलेले असायचे, ही चपला घालून दारात उभी राहायची, रडून इथे यायची आणि रस्ता तोडायला बसायची. त्याला वाटत होतं पोरगी आपल्याला टाळते. आणि तिला तर त्याच्याजवळ बसायलाही सवड नव्हती, एवढं मोठं काम एकटीच्या अंगावर. मला तिचं इतकं वाईट वाटलं की मी उगाचच कॉन्ट्रॅक्टरवर ओरडले.

अंगण त्या दिवशी पुरं झालं. खड्डा तेवढा राहिला. बाप तिच्याभोवतीने चोपत गेला, हलक्या हाताने, आणि ती आत बसून चोपण्याकडे बघत राहिली. शेवटी शेवटी "इथे राहिलंय" असं बोट दाखवायलाही लागली. दुपारी मी शेण कालवलं तेव्हा दोघं एकाच बादलीत हात घालून होती. खड्डा का बुजवायचा नाही ते कळलं होतं. मग एरवी ती तो स्वतःच का बुजवते, हे मात्र मला अजून कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला स्वतः घेऊन आला. खांद्यावर बॅग. पहाटेची गाडी त्याने सोडून दिली होती. चांगलं ऊन पडलं होतं आणि ती टक्क जागी होती. नव्या अंगणाच्या मधोमध तो खड्डा, त्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो.

"मी जातोय, बाय," तो म्हणाला. "सुट्टी मिळाली की येणार. आता तू जागी हायस, तुला सांगून जातोय."

ती खड्ड्याकडे बघत राहिली.

"खड्डा हाय. कसा जाऊ?"

कॉन्ट्रॅक्टर तिथे होताच. "डायव्हर्शन द्या की," तो वैतागून म्हणाला.

तिने खड्ड्यापासून फाटकापर्यंत नजर फिरवली. मग हात लांब करून तुळशीकडे दाखवलं. फाटक समोर होतं, सरळ चार पावलांवर. पण तो बॅग घेऊन नीट तुळशीला वळसा घालून, पाटाच्या कडेकडेने गेला. फाटकाशी वळून त्याने हात केला.

मग ती रडली. घसा फोडून रडली. गणपतीपासूनचं सगळं एकदम बाहेर पडलं. मी तिला मांडीवर घेतलं आणि गप्प बस म्हटलं नाही. फाटकाबाहेर त्यालाही ऐकू जात असणार. जाऊ दे, म्हटलं.

रडणं संपल्यावर तिने माझ्या पदराला नाक पुसलं, उठली, करवंटी शोधली आणि खड्ड्यात माती ओतायला लागली. तळापासून, थोडी थोडी, प्रत्येक थर तळव्याने थोपटत.

मी बघत राहिले. मग माझा नियम मोडला. "काल तर बुजवू देत नव्हतीस," मी म्हटलं. "आज का बुजवतेस?"

तिने केस मागे सारून माझ्याकडे पाहिलं. इतक्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"मग बाबा यायचा कसा?" ती म्हणाली, आणि पुन्हा माती थोपटायला लागली.